मोठा मुतखडा आणि आखडत गेलेली जखम

दोन सेंटिमीटरहून मोठा मुतखडा किडनीत असेल, तर पाठीतून सुमारे एक सेंटिमीटरचे छिद्र पाडायचे, त्यातून दुर्बीण थेट किडनीत उतरवायची आणि खडा जागेवरच फोडून तुकडे बाहेर काढायचे, ही आज जगभर मान्य झालेली पद्धत आहे. डॉक्टर तिला पर्क्युटेनियस नेफ्रोलिथोटॉमी किंवा पीसीएनएल म्हणतात. सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील जेऊरसारख्या गावात ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ म्हटले की काम भागते. या शस्त्रक्रियेचे वय अवघे पन्नास वर्षांचे आहे. त्याआधी मोठा खडा काढायचा म्हणजे कुशीत वीतभर चीर आणि पुढे कित्येक आठवडे अंथरूण. वैद्यकाच्या पुस्तकांत हा इतिहास जखमेच्या लांबीने मोजलेला असतो. जेऊरसारख्या ठिकाणाहून पाहिले तर आणखी एक माप हाती येते, ते म्हणजे गावापासून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंतचे अंतर. रोग्याच्या दृष्टीने दोन्ही मापे सारखीच महत्त्वाची आहेत, आणि दुसऱ्याची नोंद फारशी कोणी ठेवलेली नाही.

जेऊर हे दौंड-सोलापूर लोहमार्गावरचे स्टेशन. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने पुण्याहून दिक्सळपर्यंतची वाट १८५८ च्या अखेरीस खुली केली आणि पुढच्याच वर्षी, १८५९ मध्ये, गाडी बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत नेली. पारेवाडी, वाशिंबे, पोफळज, जेऊर, भाळवणी, केम ही स्टेशने त्या पट्ट्यातली. करमाळा शहराला रेल्वे नाही, त्यामुळे तालुक्याचा माणूस गाडी धरायला जेऊरलाच येतो. भीमेवरचे उजनी धरण १९८० च्या सुमारास पूर्ण झाले आणि तालुक्याच्या दक्षिण अंगाला पाणी पसरले. ऊस आणि केळी आली, तरी तालुक्याचा बराच भाग कोरडवाहूच राहिला. जिल्ह्याचा पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि शेतातले काम उन्हातच करावे लागते.

मुतखडा होण्याला ही परिस्थिती पुरेशी आहे. घामावाटे पाणी गेले आणि तेवढे पोटात गेले नाही की लघवी घट्ट होते. लघवीतले कॅल्शियम, ऑक्झलेट, युरिक आम्ल यांसारखे पदार्थ विरघळलेले राहू शकत नाहीत, त्यांचे स्फटिक बनतात आणि एकमेकांवर थर चढवत वाढतात. काही खडे जंतुसंसर्गातून होतात. युरिया फोडणाऱ्या जिवाणूंमुळे लघवी अल्कधर्मी बनते आणि मॅग्नेशियम-अमोनियम फॉस्फेटचा खडा झपाट्याने वाढत किडनीच्या एकेका कप्प्यात फांदी शिरवतो. अशा खड्याला स्टॅगहॉर्न म्हणतात. बोअरचे खारे पाणी प्यायल्याने खडे होतात, असे गावोगाव ठामपणे सांगितले जाते. पाण्याच्या जडपणाचा खड्यांशी संबंध दाखवणारा पुरावा मात्र क्षीण आहे. पाणी कसे आहे यापेक्षा किती पोटात जाते, याला जास्त महत्त्व आहे. कामाच्या जागी पाणी दूर असते आणि लघवीला आडोसा नसतो, म्हणून बायका मुद्दाम कमी पाणी पितात. खाऱ्या पाण्याला दोष देताना हे कारण सहसा कोणाच्या बोलण्यात येत नाही.

घरगुती उपचारांची परंपरा मोठी आहे. हुलगा हे या कोरडवाहू भागाचेच कडधान्य. त्याचे माडगे थंडीपावसात घरोघर होते, आणि मुतखड्याच्या माणसाला हुलग्याचे कढण मुद्दाम दिले जाते. पानफुटीची पाने चावून खायला सांगतात, गोखरूचा काढा देतात, वायवर्ण्याची साल उकळतात. चार-पाच मिलिमीटरचा खडा पुष्कळदा आपोआप पडतो. त्या काळात रोग्याच्या पोटात भरपूर पातळ पदार्थ जातात, हा या उपचारांचा खरा फायदा असू शकतो. किडनी व्यापून बसलेला मोठा खडा मात्र कढणाने पडत नाही. असा खडा बरेचदा फार दुखतही नाही, म्हणून रोगी निर्धास्त राहतो आणि किडनी आतून निकामी होत जाते. लंडनचे शल्यविशारद जॉन ब्लँडी आणि त्यांचे सहकारी सिंग यांनी १९७६ मध्ये स्टॅगहॉर्न खड्याच्या रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया न केलेल्यांपैकी २८ टक्के दहा वर्षांत दगावले होते, शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ७.२ टक्के होते. मोठा खडा ‘त्रास देत नाही’ म्हणून ठेवून देणे किती घातक आहे, हे त्यानंतर वादाचे राहिले नाही.

भारतीय शल्यतंत्रात खड्याची शस्त्रक्रिया फार जुनी आहे, पण ती मूत्राशयातल्या खड्याची. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अश्मरीचे, म्हणजे मुतखड्याचे, चार प्रकार दिले आहेत आणि लहान मुलांत हा रोग विशेष आढळतो असे नोंदवले आहे. चिकित्सास्थानात शस्त्रक्रियेचा विधी आहे, आणि तो वाचताना लिहिणाऱ्याने हे काम स्वतःच्या हातांनी केले असल्याची खात्री पटते. रोग्याला गुडघ्याएवढ्या उंचीच्या फळीवर बसलेल्या दुसऱ्या माणसाच्या मांडीवर टेकवायचे, गुडघे आणि कोपरे बांधायची, बेंबीच्या बाजूने दाबत खडा खाली आणायचा. वैद्याने नखे कापलेली, तेल लावलेली डाव्या हाताची दोन बोटे गुदद्वारातून घालून खडा पुढे रेटायचा. मग शिवणीच्या डाव्या बाजूला जवाएवढे अंतर सोडून खड्याच्या मापाचा छेद घ्यायचा आणि अग्रवक्त्र नावाच्या यंत्राने खडा ओढून काढायचा. खडा फुटता कामा नये, चुरा जरी मागे राहिला तरी तो पुन्हा वाढतो, अशी स्पष्ट ताकीद आहे. छेदानंतर रोग्याला कोमट पाण्याच्या द्रोणीत बसवायचे, म्हणजे मूत्राशयात रक्त साठत नाही. शस्त्रक्रिया न केल्यास मरण निश्चित आणि केल्यास जगण्याची शंका, म्हणून आधी राजाची परवानगी घ्यावी, असेही ग्रंथ बजावतो. मागे राहिलेल्या चुऱ्याबद्दलची ताकीद आज पीसीएनएल करणाऱ्या सर्जनालाही तशीच लागू आहे.

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात मुतखड्याचा पद्धतशीर अभ्यास झाला. तो करणारा माणूस हेन्री व्हँडाइक कार्टर. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या जगप्रसिद्ध ग्रंथातली चित्रे काढून १८५८ मध्ये तो मुंबईला आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला. कॉलेजच्या संग्रहालयात रोग्यांच्या शरीरातून काढलेले खडे जमा होत होते. कार्टरने त्यांचे काप घेऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे तो साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. मुतखड्याची सूक्ष्म रचना आणि तो घडण्याची रीत यांवरचे त्याचे पुस्तक १८७३ मध्ये लंडनमध्ये निघाले. खडा हा नुसता साचलेला क्षार नसून सेंद्रिय पदार्थाच्या जाळ्यात स्फटिक बसत जाऊन तो घडतो, हा विचार त्यात आहे, आणि त्यासाठी लागलेला माल मुंबई इलाख्यातल्या गोरगरीब रोग्यांनी पुरवला होता. चित्रकार म्हणून कार्टरचे नाव आज घेतले जाते, पण त्याचे हे काम महाराष्ट्राच्या वैद्यकीय इतिहासात फार कमी वेळा आठवले जाते.

मूत्राशयातला खडा न कापता काढण्याची पद्धतही त्याच शतकातली. पॅरिसमध्ये सिव्हियाल याने १८२४ मध्ये लघवीच्या मार्गाने उपकरण घालून खडा फोडला. बोस्टनच्या बिगेलोने १८७८ मध्ये फोडलेला सगळा चुरा एकाच बैठकीत शोषून काढण्याची रीत बसवली. ती भारतात झपाट्याने रुजली, कारण खड्याचे रोगी येथे हवे तेवढे होते. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या पीटर फ्रेयर याने उत्तर भारतात अशा शेकडो शस्त्रक्रिया केल्या आणि १८८६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. होळकरांच्या इंदुरात कीगन याने ही पद्धत लहान मुलांवरही चालते हे दाखवले. पोट न फाडता, नैसर्गिक वाटेने आत जाऊन, खडा जागेवर फोडून काढायचा, हे तत्त्व त्या वेळी मूत्राशयापुरते सिद्ध झाले. किडनीपर्यंत ते पोचायला आणखी शंभर वर्षे लागली, कारण किडनीकडे जाणारी सरळ वाटच नव्हती.

जेऊरच्या परिसरातल्या रोग्याला या काळात शस्त्रक्रियेसाठी पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. त्यात बदल झाला तो मिरजेमुळे. प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला रुग्णालय उघडले आणि पुढची तीन दशके ते शस्त्रक्रियेचे मोठे केंद्र म्हणून दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ओळखले गेले. मोतीबिंदू, गाठी, मुतखडे असे सगळे रोगी बैलगाडीने आणि आगगाडीने तेथे येत. वॉनलेस यांना १९२८ मध्ये ‘सर’ किताब मिळाला आणि त्याच वर्षी ते निवृत्त झाले. दरम्यान कुर्डुवाडीहून अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे वाढत होती. ती १८९७ मध्ये बार्शीला पोचली, १९०६ मध्ये पंढरपूरला आणि १९२७ मध्ये थेट मिरजेला. जेऊरला मोठ्या गाडीत बसायचे, कुर्डुवाडीला छोटी गाडी धरायची आणि पंढरपूरमार्गे मिरजेला उतरायचे, अशी सलग वाट त्या वर्षी पहिल्यांदा तयार झाली. वारकऱ्यांची गाडी म्हणून बार्शी लाइटची आठवण निघते. रोग्यांची गाडी म्हणूनही तिची नोंद व्हायला हवी.

विसाव्या शतकात रोगाचेही रूप पालटत गेले. केवळ धान्यावर वाढणाऱ्या, दूधदुभते न मिळणाऱ्या मुलांमध्ये होणारे मूत्राशयाचे खडे आहार सुधारत गेला तसे कमी झाले आणि मोठ्या माणसांच्या किडनीतले खडे वाढले. सर्जनांना आता किडनीत शिरणे भाग होते. हायडेलबर्गच्या गुस्ताव सायमन याने १८६९ मध्ये एक किडनी काढूनही माणूस जगतो हे दाखवले होते. लंडनच्या हेन्री मॉरिसने १८८० मध्ये किडनी जागेवर ठेवून तिच्यातला खडा काढला. रॉन्टजेनने १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले आणि पुढच्याच वर्षी ग्लासगोच्या जॉन मॅकिन्टायरने किडनीतल्या खड्याची प्रतिमा मिळवली. तोवर खडा आहे की नाही हे पोट उघडल्यावरच कळत असे.

उघड्या शस्त्रक्रियेत रोग्याला कुशीवर वळवून कंबरेखाली टेबल उंच करत. बाराव्या बरगडीच्या खालून, कधी ती बरगडी कापून, पंधरा-वीस सेंटिमीटरची चीर घेत. स्नायूंचे तीन थर भेदून किडनी हातात येई. खडा मधल्या पोकळीत असला तर पोकळीची भिंत कापून तो काढता येई. फांद्या असलेल्या खड्यासाठी मात्र किडनीच उभी चिरावी लागे. दोन्ही किडन्यांत मिळून हृदयाने फेकलेल्या रक्ताचा जवळपास पाचवा भाग फिरतो, त्यामुळे ही चीर कोठे घ्यायची हा प्राणाचा प्रश्न होता. जॉन्स हॉपकिन्सचे चित्रकार मॅक्स ब्रोडेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किडनीच्या धमन्यांचा अभ्यास करून मागच्या बाजूला रक्तवाहिन्या कमी असलेली एक रेषा दाखवली. स्पेनच्या जिल-व्हर्नेट यांनी १९६५ मध्ये किडनी न चिरता पोकळी खोलवर उघडण्याची रीत दिली, तर अमेरिकेच्या स्मिथ आणि बॉइस यांनी १९६८ मध्ये त्या कमी रक्ताच्या भागातून किडनी उघडून फांद्यांसकट खडा काढण्याची पद्धत मांडली. रक्तपुरवठा तात्पुरता बंद करून, किडनीभोवती बर्फ ठेवून सर्जन घाईने काम करत.

ही शस्त्रक्रिया चांगली होती, हजारो किडन्या तिने वाचवल्या. तिचा भार मात्र पुढे सुरू होई. टाके निघेपर्यंत आठ-दहा दिवस दवाखान्यात आणि नंतर दीड-दोन महिने वजन उचलायचे नाही. खुरपणी, मोटेवर किंवा बारे देण्याचे काम, उसाची मोळी डोक्यावर घेणे, हमाली, यांतले काहीही करता येत नसे. रोजंदारीच्या माणसाचा एक हंगाम त्यात जाई. कुशीच्या चिरेतले स्नायू आणि नसा दुखावल्याने काहींची ती बाजू कायमची फुगीर आणि बधिर राही. शिवाय खडा पुन्हा झाला तर त्याच व्रणातून दुसऱ्यांदा किडनी शोधणे फारच अवघड असे. म्हणूनच कित्येक जण चीर टाळत राहत आणि किडनी गेल्यावर येत.

किडनीकडे पाठीतून जाणारी वाट सापडली ती टप्प्याटप्प्याने. इंडियानापोलिसचे रूपेल आणि ब्राऊन यांनी १९४१ मध्ये एका रोग्याच्या किडनीत आधीच्या शस्त्रक्रियेत घातलेल्या नळीच्या मार्गातून मूत्राशयाची दुर्बीण आत सरकवून खडा काढला. वाट तयार होती म्हणून ती वापरली, एवढेच. लॉस एंजेलिसच्या विलार्ड गुडविन आणि सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये तुंबून फुगलेल्या किडनीत कातडीतून थेट सुई घालून नळी बसवली आणि मूत्र बाहेर काढले. सुईने किडनी गाठली तरी ती जगते, हे सिद्ध झाले. इतके होऊनही खड्यासाठी तीच वाट वापरायला आणखी वीस वर्षे गेली. स्वीडनमधल्या कार्लस्टाड येथे क्ष-किरणतज्ज्ञ इंगमार फर्नस्ट्रॉम आणि मूत्रविकारतज्ज्ञ बेंग्ट योहान्सन यांनी १९७६ मध्ये तीन रोग्यांचा वृत्तान्त छापला. त्यांनी केवळ खडा काढण्यासाठी म्हणून कातडीपासून किडनीपर्यंत वाट तयार केली होती. ती ते हळूहळू, काही दिवस घेऊन रुंद करत.

जर्मनीतल्या माइन्झ येथे पीटर अल्केन यांनी ती वाट एकाच बैठकीत रुंद करण्याची युक्ती काढली. रेडिओची एरियल जशी एकातून एक नळ्या सरकून लांब होते, तसे एकावर एक बसणारे धातूचे डायलेटर त्यांनी बनवले. आत ध्वनिलहरींनी खडा फोडणारी दांडी वापरली. त्यांचा अहवाल १९८१ चा. त्याच सुमारास मिनेसोटात आर्थर स्मिथ यांनी मूत्रमार्गाच्या आतून करायच्या शस्त्रक्रियांची एक नवी शाखाच उभी केली. तेथले क्ष-किरणतज्ज्ञ कर्ट अ‍ॅम्प्लाट्झ यांच्या नावाचे आवरण, म्हणजे वाट उघडी ठेवणारी प्लॅस्टिकची नळी, आज बऱ्याच पीसीएनएलमध्ये वापरले जाते. लंडनमध्ये जॉन विकहॅम हीच शस्त्रक्रिया करत होते. कमीत कमी इजा करणारी शल्यक्रिया हे स्वतंत्र ध्येय आहे, असे त्यांनी १९८० च्या दशकात आग्रहाने मांडले. ते म्हणणे त्या वेळी अनेक नामांकित सर्जनांना पटले नव्हते. मोठी चीर म्हणजे मोठा सर्जन, ही धारणा तेव्हा घट्ट होती.

नेमक्या याच वेळी एक प्रतिस्पर्धी उभा राहिला. म्यूनिकमध्ये क्रिस्टियन शॉसी आणि सहकाऱ्यांनी फेब्रुवारी १९८० मध्ये पहिल्या रोग्याचा खडा शरीराबाहेरून आघातलहरींनी फोडला. विमाने बनवणाऱ्या डॉर्निअर कंपनीच्या संशोधनातून हे यंत्र आले होते. रोग्याला पाण्याच्या टबात बसवत, छिद्र नाही, चीर नाही. आता पीसीएनएल मागे पडणार असे काही काळ वाटले. प्रत्यक्षात मोठ्या खड्यांवर लहरी मारल्या की असंख्य तुकडे होत, ते मूत्रवाहिनीत रांगेने अडकत, ताप येई आणि शेवटी दुर्बीण घालावीच लागे. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या समितीने १९९४ मध्ये स्टॅगहॉर्न खड्यांसाठी आधी पीसीएनएल आणि मग उरलेल्या तुकड्यांवर लहरी, असा क्रम सुचवला. २००५ मध्ये पीसीएनएलला निर्विवाद पहिला क्रमांक मिळाला.

भारतात ही विद्या १९८० च्या दशकात मोठ्या शहरांत आली. गुजरातेत नडियाद येथे १९७८ मध्ये सुरू झालेले मुळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटल तिचे मोठे शिक्षणकेंद्र ठरले. तेथे डॉ. महेश देसाई यांच्या हाताखाली आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रिया दाखवणाऱ्या शिबिरांत महाराष्ट्रातल्या सर्जनांनीही धडे घेतले. मोठे खडे भरपूर आणि रोग्याला लवकर कामावर परतायचे, ही आपल्याकडची परिस्थिती या शस्त्रक्रियेला अनुकूल होती. परदेशी सर्जनाला वर्षभरात दिसावेत एवढे स्टॅगहॉर्न येथे एका मोठ्या रुग्णालयात थोड्याच दिवसांत येतात, आणि हात त्यावरच बसतो.

शस्त्रक्रियेचा क्रम आजही बराचसा त्या काळातलाच आहे. भूल दिल्यावर प्रथम लघवीच्या मार्गाने मूत्रवाहिनीत बारीक नळी सरकवतात. मग बहुतेक ठिकाणी रोग्याला पालथे करून छातीखाली आणि कमरेखाली उशा देतात. स्पेनच्या वाल्दिव्हिया उरिया यांनी उताणे ठेवूनही हे काम होते हे दाखवले, आणि भूलतज्ज्ञांना ती रीत सोयीची वाटते. खालच्या नळीतून क्ष-किरणांत दिसणारे औषध सोडले की सी-आर्म या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर किडनीचे कप्पे उमटतात. शिशाचे अ‍ॅप्रन घातलेला सर्जन कोणत्या कप्प्यातून शिरायचे ते ठरवतो. सुई किडनीच्या मागच्या बाजूच्या कप्प्यात, त्याच्या अगदी टोकातून जायला हवी, कारण तेथे मोठ्या रक्तवाहिन्या नसतात. सुईतून लघवीचे थेंब आले म्हणजे वाट बरोबर. शस्त्रक्रियेचे यश या एका टोचणीवर उभे असते, आणि नवख्या सर्जनाला ती साधायला कित्येक महिने जातात. मग सुईतून तार, तारेवरून डायलेटर, त्यांवरून आवरण. चोवीस ते तीस फ्रेंच मापाचे, म्हणजे आठ ते दहा मिलिमीटरचे. दुर्बिणीतून सलाईन सतत वाहत असते, नाहीतर रक्ताने सगळे गढूळ होते. पिवळसर किंवा काळपट खडा पडद्यावर दिसू लागतो, हवेच्या दाबावर चालणाऱ्या लिथोक्लास्टची टोकदार दांडी त्यावर टेकते आणि खोलीभर टकटक आवाज सुरू होतो. तुकडे चिमट्याने एकेक करून काढतात. शेवटी प्रत्येक कप्प्यात डोकावून काही मागे राहिले का ते पाहतात. बहुतेकदा मूत्रवाहिनीत दोन्ही टोकांना वळलेली डीजे स्टेंट नावाची नळी ठेवतात, आणि पाठीतून एखादी नळी एक-दोन दिवस बाहेर राहते. रोगी साधारण तीन-चार दिवसांत घरी जातो आणि दोन-तीन आठवड्यांत बऱ्याचशा कामाला लागतो.

सोलापुरात १९६३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून जिल्ह्यात शस्त्रक्रियेची सोय वाढत गेली होती, तरी पीसीएनएलसाठी लागणारा सी-आर्म, दुर्बिणी आणि खास प्रशिक्षण घेतलेला युरोसर्जन यांची जुळणी जिल्ह्याच्या ठिकाणी व्हायला बराच काळ गेला. पुढे सोलापूर, बार्शी, अकलूज अशी ठिकाणे रुग्णालयांसाठी ओळखली जाऊ लागली. जेऊरच्या माणसाला पुण्याची गाडी, सोलापूरची गाडी आणि करमाळ्यावरून नगरची वाट, असे तिन्ही रस्ते खुले आहेत. पूर्वी मिरज-मुंबईचा प्रवास करावा लागे, तेथे आता सकाळी निघून संध्याकाळी परतता येते, तपासणीपुरते तरी.

तरीही अंतर फक्त किलोमीटरचे नव्हते, पैशाचेही होते. खासगी रुग्णालयात मोठ्या खड्याची शस्त्रक्रिया शेतकरी कुटुंबाला कर्जात घालू शकते. महाराष्ट्र शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आणि त्या आठांत सोलापूर होते. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवरच्या कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार ठरलेल्या सरकारी व खासगी रुग्णालयांत मोफत मिळू लागले, आणि ठरवून दिलेल्या ९७१ उपचारांत मुतखड्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियाही होत्या. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०२३ मध्ये ती सर्व कुटुंबांना लागू करून मर्यादा पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. कागदांची पूर्तता, मंजुरीची वाट, अंगीकृत रुग्णालयात जागा असणे, हे अडथळे आहेतच. पण शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन योजनेच्या आरोग्यमित्राच्या टेबलापाशी उभा राहिलेला शेतमजूर त्याच पद्धतीने बरा होऊ शकतो, जी माइन्झमध्ये १९८१ साली नवी होती. या इतिहासातला हा टप्पा एखाद्या नव्या यंत्राच्या शोधाइतकाच मोठा मानावा लागेल.

दरम्यान छिद्रही लहान होत गेले. अमेरिकेत १९९७-९८ च्या सुमारास लहान मुलांसाठी बारीक आवरण वापरण्यास सुरुवात झाली आणि त्यातून ‘मिनी पर्क’ आले, पाच-सहा मिलिमीटरचे. नडियादच्या देसाईंनी २०११ मध्ये जर्मन सहकाऱ्यांबरोबर ‘मायक्रो पर्क’ प्रसिद्ध केले. त्यात सुईच्याच पोकळीत दुर्बीण बसवलेली असते आणि वाटेची जाडी जेमतेम दीड मिलिमीटर राहते. अहमदाबादच्या डॉ. जनक देसाई यांनी २०१३ मध्ये ‘अल्ट्रा मिनी’ मांडले. होल्मियम आणि अलीकडे थुलियम लेझरने खड्याची भुकटी करता येते, म्हणून एवढ्या बारीक वाटेनेही काम भागते. सगळ्यांत बारीक छिद्र सगळ्यांत चांगले, असे मात्र नाही. तीन-चार सेंटिमीटरचा खडा बारीक वाटेतून काढायला वेळ फार लागतो, आत पाण्याचा दाब वाढतो आणि खड्यातले जंतू रक्तात शिरण्याचा धोका वाढतो. मोठ्या खड्याला अजूनही नेहमीच्या मापाची वाट अनेक सर्जन पसंत करतात, आणि ते बरोबर आहे.

धोके नाहीत असे कोणी सांगू नये. जगभरच्या ९६ केंद्रांत पीसीएनएल झालेल्या ५,८०३ रोग्यांची नोंद २००७ ते २००९ या काळात झाली. त्यांपैकी सुमारे ७६ टक्के रोग्यांची किडनी पूर्ण खडेमुक्त झाली. ५.७ टक्क्यांना रक्त द्यावे लागले, साधारण दहा टक्क्यांना ताप आला. वरच्या कप्प्यातून शिरताना फुप्फुसाच्या आवरणाला इजा होऊ शकते, क्वचित आतड्यालाही. शस्त्रक्रियेआधी लघवीची जंतुतपासणी, योग्य प्रतिजैविके आणि सीटी स्कॅनवर वाटेची आखणी यांवर परिणाम बराचसा ठरतो.

घरी परतल्यावर दोन गोष्टी राहतात आणि दोन्ही गावातच घडतात. एक म्हणजे स्टेंट. ती नळी साधारण दोन ते सहा आठवड्यांत काढायची असते. दुखणे थांबल्यामुळे काही जण परत जात नाहीत, आणि महिन्यांनी-वर्षांनी त्या नळीवरच नवा खडा चढतो. तो काढायला पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. डिस्चार्ज कार्डावर नळी काढण्याची तारीख ठळक लिहिणे आणि गावातल्या आशाताईंनी ती लक्षात ठेवणे, एवढ्याने यातली पुष्कळ हानी टळते. दुसरी गोष्ट म्हणजे पाणी. काळजी न घेतल्यास खडे झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना दहा वर्षांत पुन्हा खडा होतो. काढलेल्या खड्याची तपासणी करून तो कशाचा होता हे जाणून घ्यावे, मीठ कमी करावे आणि दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल एवढे पाणी प्यावे, असे डॉक्टर सांगतात. मे महिन्यात शेतात राबणाऱ्याला त्यासाठी चार लिटरहून अधिक पाणी लागते. ते पाणी रानात हाताशी असणे आणि बायकांना लघवीसाठी आडोसा असणे हाही त्याच उपचाराचा भाग आहे.